चाकोरी

आमच्या शाळेमागचं टेकाड चढलं की माळ लागतो. खाली काळी जमीन, तिच्यात कपाशी, तूर, सोयाबीन. वर एकदम बरड. मुरूम, मुठीएवढे काळे दगड, एखादं हिवर, दोन-चार बोरीची झुडपं, आणि बाकी नजर पुरेल तिथपर्यंत गवत. कागदावर या जमिनीचं नाव ‘ई-क्लास’. वऱ्हाडात हा शब्द शाळेची पायरी न चढलेल्या माणसालाही ठाऊक असतो. जमीन सरकारची, पण गावाच्या गुरांसाठी सोडलेली. कारंजा-सोहोळचं काळवीट अभयारण्य इथून फार लांब नाही. ते २००० साली जाहीर झालं, क्षेत्र अठरा चौरस किलोमीटरांहून थोडं जास्त. पण काळविटं काही हद्दीचे दगड बघून चरत नाहीत. हिवाळ्यात पहाटे लवकर वर गेलं, तर आमच्या माळावरही त्यांचा एखादा कळप धुक्यात उभा असतो.

माझी इथे बदली झाली ती ऐन उन्हाळ्यात. बसमधून उतरून टेकाडाकडे पाहिलं आणि वाटलं, इथे काहीच नाही. माझं माहेर परतवाड्याकडचं, मेळघाटच्या पायथ्याचं. सागाच्या सावलीत वाढलेल्या माणसाला उघडा माळ म्हणजे कुणीतरी ओरबाडून नेलेलं जंगलच वाटतं. म्हणून पहिल्याच वर्षी वृक्षारोपणाची वेळ आली, तेव्हा मी मोठ्या उत्साहानं पोरांना घेऊन वर गेले. पन्नासेक पोरं, टिकास, सब्बल, फावडी, आणि मिळाली ती रोपं. गुलमोहर, निलगिरी, काही करंज. दोरी धरून ओळी आखल्या. दोन ओळींचे खड्डे झाले. तिसऱ्या ओळीच्या टोकाला मी उभी होते, आणि मागून आवाज आला.

“बाई, हालू नका. पाय उचलू नका जागचा.”

मला वाटलं साप आहे. मी थिजून उभी राहिले. काठी टेकत एक म्हातारा पुढे आला, माझ्या चपलेपासून वीतभर अंतरावर वाकला आणि बोट दाखवलं. बराच वेळ मला काही दिसेना. दगड, मुरूम, वाळलेल्या काड्या. मग त्या दगडांतले चार दगड जरा जास्तच गोटीव वाटू लागले. मातकट रंग, त्यावर काळे-तपकिरी शिंतोडे. चौघांची निमुळती टोकं आतल्या बाजूला. काड्यांचं घरटं नाही, पिसांची गादी नाही. जमिनीत जरासा खळगा, कडेला मांडल्यासारखे खडे, झालं.

“माळटिटवीचे हायेत,” तो म्हणाला. “पिवळ्या गलुल्यावाली. थे पाहा, तिकडं कशी वरडू राहिली.”

खरंच ती ओरडत होती. आम्ही आल्यापासून ओरडत असणार. पन्नास पोरांच्या गलक्यात मला ऐकूच आलं नव्हतं.

हे आबाजी. पलीकडच्या बेड्यावर, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवर राहतात, फासेपारधी आहेत, आज ऐंशीच्या घरात आहेत. पारध्यांसारख्या जमातींवर इंग्रजांनी १८७१च्या कायद्यानं जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. १९५२ साली तो कागदावरून पुसला गेला. गावाच्या मनातून पुसला गेला का, हे मी आमच्या शाळेतल्या बेड्यावरच्या पोरांच्या बसण्याच्या जागेवरून ओळखते. ती अजूनही आपणहून मागच्या ओळीत जाऊन बसतात. आबाजींनी तरुणपणी फास लावून तित्तर धरले, लावे धरले, तणमोरही धरला. ते लपवत नाहीत. १९७२चा वन्यजीव कायदा आला आणि हळूहळू तो धंदा बंद झाला. पण पक्षी कुठे बसेल, कधी उडेल, कुठे अंडी घालेल हे ज्ञान काही बंद झालं नाही. ज्या डोळ्यांनी फास लावायची जागा हेरली, तेच डोळे त्या दिवशी माझ्या चपलेजवळ पोचले.

तिसरी ओळ आम्ही सोडून दिली. लावलेल्या रोपांपैकी बहुतेक पुढच्या चैत्रापर्यंत वाळली. वीतभर माती आणि खाली कातळ, तिथे झाड धरत नाही आणि गवत मात्र हजारो वर्षं धरून आहे, यातच सगळं आलं होतं. दोन निलगिऱ्या तेवढ्या जगल्या. आता त्यांच्या शेंड्यावर बसून कावळे अख्खा माळ न्याहाळतात. उघड्या माळावर उंच बसायला जागा नव्हती, ती मी करून दिली. जमिनीवर अंडी घालणाऱ्या पाखरांसाठी ते दोन शेंडे म्हणजे दोन पहारेकरी आहेत, शत्रूच्या बाजूचे.

त्यानंतर मी आबाजींच्या मागे माळ फिरू लागले. पहिली गोष्ट त्यांनी शिकवली ती ही, की अंड्यावर पाय पडला तरच नुकसान होतं असं नाही. नुसतं जवळ उभं राहिलं तरी होतं. माळटिटवी मार्चपासून पावसाच्या तोंडापर्यंत अंड्यावर असते, म्हणजे आपला वैशाख. पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो, मुरमावर अनवाणी पाऊल ठेववत नाही. त्या भर उन्हात ती अंडी उबवत नसते, अंड्यांवर सावली धरून उभी असते. मध्येच नाल्यातल्या डबक्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवते आणि येऊन ओल्या पोटानं अंडी गार करते. आपण फोटो काढायला पंधरा-वीस मिनिटं जवळ थांबलो, की ती दूर उभी राहून ओरडत राहते आणि इकडे अंडी भाजून निघतात. आपण समाधानानं घरी येतो. आपण कशालाच हात लावलेला नसतो.

धाविक, पखुर्डी, चंडोल, लावा, सगळ्यांचं घर असंच जमिनीवर. घर म्हणावं असं तिथे काही दिसत नाही, म्हणूनच तर ते इतकी वर्षं टिकलं.

गवताचंही तसंच. शहरातल्या माणसाला सगळं गवत एक. आबाजी पायानं चाचपून सांगतात, हे पवन्या, हे मारवेल, ही कुसळी, हे तिखाडी, चुरगाळून वास घ्या. कुसळीचं कुसळ आपल्या पायजम्यात रुततं तेव्हा आपण वैतागतो. मी एकदा वर्गात एक वाळलेलं कुसळ पोरांच्या तळहातावर ठेवलं आणि त्यावर पाण्याचा थेंब टाकला. ते जिवंत असल्यासारखं गरगर फिरू लागलं. हवेतल्या ओलाव्यानं त्याचा पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो, आणि तसं फिरत फिरत ते बी स्क्रूसारखं मातीत शिरतं. स्वतःला स्वतःच पेरतं. फक्त माती भुसभुशीत हवी. दाबलेल्या जमिनीवर ते बिचारं नुसतं आडवं पडून राहतं.

आता चाकोरीकडे येते. आमच्या माळावरून एक बंडीवाट, म्हणजे बैलगाडीची वाट जाते. खालच्या गावातून वर, माळ ओलांडून पलीकडच्या बेड्यावर आणि तिथून पुढच्या बाजाराच्या गावाला. दोन चाकांच्या दोन चाकोऱ्या, मुरमात हातभर खोल गेलेल्या, आणि मध्ये गवताची पट्टी. बंड्या आता मोजक्याच उरल्या, पण वाट आहे. आपण भाषेत ‘चाकोरीतलं जगणं’ म्हणतो ते नाक मुरडून, आणि ‘चाकोरीबाहेरचं’ म्हणतो ते कौतुकानं. मीही फळ्यावर निबंधाचे विषय देताना तसेच दिले आहेत. आबाजी मात्र चाकोरीबद्दल वेगळंच बोलले.

“शंभर वर्सं बंड्या गेल्या इथून. समद्या याच चाकोरीतून. बाजूनं एक चाक गेलं नाही. एवढी वाट मेली, मनून बाकीचा माळ जितला हाय.”

मी त्या दोन खाचांकडे नव्यानं पाहिलं. त्यांच्यात गवताची काडी नव्हती. त्यांच्या दोन्ही बाजूंना, अगदी काठापासून, पवन्या गुडघाभर उभं होतं.

तीन वर्षांपूर्वी श्रावणात कुणीतरी माळाचा एक छोटा व्हिडिओ टाकला. पावसानंतर आमचा माळ सुंदर दिसतो, यात खोटं काही नाही. काळी मुसळी पिवळी चांदणी उघडते, खडकाच्या कपारीत आभाळी जांभळी होते, वाऱ्यानं गवताला लाटा येतात. व्हिडिओवर लिहिलं होतं, ‘विदर्भातलं कास’. खाली नकाशावरची जागा. पुढच्या रविवारी अकरा गाड्या आल्या. त्याच्या पुढच्या रविवारी पोरांनी मोजायचं सोडून दिलं.

आलेली माणसं वाईट नव्हती, हे मला ठामपणे सांगायचं आहे. लेकरंबाळं घेऊन आलेली, आठवडाभर दुकानात, बँकेत, दवाखान्यात राबलेली माणसं. अकोला, वाशिम, अमरावतीच्या माणसानं मोकळा वारा खायला जायचं कुठे? चिखलदऱ्याला पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी घाटात गाड्यांची रांग लागते. इथे तिकीट नाही, फाटक नाही, कुणी हटकणारं नाही. माळ रिकामा दिसतो, म्हणून माणूस तिथे मोकळा होतो. आणि मोकळ्या जागेवर गाडी कुठूनही नेता येते, असं प्रत्येकाला आपापलं सुचतं. पहिल्या गाडीच्या खुणेवरून दुसरी जात नाही. ती चिखल चुकवायला चार हात बाजूनं जाते, तिसरी आणखी बाजूनं. बंड्यांची चाकोरी एक होती. गाड्यांच्या त्या पावसाळ्यात मी सतरापर्यंत मोजल्या.

पावसानं मऊ झालेल्या बरडावर चाक गेलं, की माती दाबून विटेसारखी होते. पाणी मुरत नाही, चाकाच्या खाचेतून पळतं. पळताना सोबत माती नेतं. पहिल्या वर्षीची बोटभर खाच दुसऱ्या वर्षी ओघळ होते. वीतभरच माती असल्यामुळे ओघळाला कातळ गाठायला वेळ लागत नाही. त्या सतरांपैकी उताराच्या तिघींमध्ये आज खडक उघडा पडलाय. कुसळीची कुसळं त्यांच्यात दर दिवाळीनंतर येऊन पडतात आणि वाऱ्यानं एका कडेला गोळा होतात. शिरायला जागाच नाही.

उरलेल्या भजी-वडापावच्या मागे गावातली कुत्री वर येऊ लागली, आणि खाणं संपलं तरी वरच राहू लागली. काळविटाची मादी पाडस गवतात लपवून चरायला जाते. पाडसाला वास कमी आणि हालचाल नाही, हेच त्याचं संरक्षण. ते कुत्र्यांपुढे फार दिवस टिकलं नाही. आणि एकदा तर एक ताई पाडस उचलून थेट शाळेत घेऊन आल्या. “मॅडम, याची आई याला टाकून गेली हो,” म्हणून त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. पाडस त्यांनी आपल्या ओढणीत गुंडाळलं होतं. मी त्यांना काय बोलणार? आबाजींना बोलावलं, आम्ही ते जिथून उचललं तिथेच नेऊन ठेवलं आणि खूप लांब जाऊन बसलो. अंधार पडेपर्यंत मादी आली नाही. पुढचं मला ठाऊक नाही. सकाळी ती जागा रिकामी होती, आणि रिकाम्या जागेचे दोन अर्थ होतात.

हिवाळ्यातला प्रकार मला सर्वांत जास्त लागला. ऑक्टोबरच्या सुमारास आमच्या माळावर भोवत्या येतात, थेट मध्य आशियातून. लांब पंखांचे शिकारी पक्षी, दिवसभर गवतावरून संथ तरंगत टोळ आणि नाकतोडे टिपणारे. रात्री ते झाडावर बसत नाहीत. दिवस मावळताना एकेक करून येतात, घिरट्या घालतात आणि गवतात उतरतात. रात्रभर सगळे जमिनीवर, एकमेकांपासून थोड्या अंतरावर. मी एका संध्याकाळी वीस-बावीस मोजले होते. डिसेंबरच्या शेवटच्या रात्री तिथे शेकोटी पेटली, गाणी लागली, गाड्यांचे दिवे माळभर फिरले. शेकोटीची ठिणगी वाळल्या गवतात गेली. गावातली माणसं हिरव्या फांद्या घेऊन धावली म्हणून आग बंडीवाटेपर्यंत येऊन थांबली. चाकोऱ्यांत पेटायला गवतच नव्हतं. चाकोरीनं त्या रात्री उरलेला माळ वाचवला. भोवत्या मात्र त्या हिवाळ्यात पुन्हा तिथे उतरले नाहीत.

तणमोराबद्दल मी मुद्दाम थोडंच लिहिते. अकोला-वाशिमच्या गवतात तो पावसाळ्यात येतो. नर गवतातून सरळ वर उसळी मारतो, पुन्हा पुन्हा, दिवसातून शेकडो वेळा, मादीनं पाहावं म्हणून. त्या उसळीमुळेच तो माणसालाही दिसतो, आणि एरवी जगाला दिसत नाही. २०२१ पासून जगभरच्या यादीत तो अतिसंकटग्रस्त आहे. आमच्या भागात फासेपारध्यांच्या काही बेड्यांनी त्याच्यासाठी गवत राखायला घेतलंय. ज्यांनी फास टाकले त्यांनीच. एवढं सांगणं पुरे.

मध्यंतरी इंग्लंडमधल्या माळांबद्दल वाचत होते. त्यांना तिकडे मूर म्हणतात. आपल्यापेक्षा अगदी उलट जमीन, सदा ओली. शेवाळ कुजून झालेली काळी स्पंजासारखी माती, जी वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर चढते. पण पक्षी तसेच, जमिनीवर अंडी घालणारे, आणि त्यांतही टिटव्या आहेत. तिथे अशा खुल्या रानात हिंडायचा हक्क लोकांना २०००च्या कायद्यानं मिळाला आणि त्याच कायद्यात अट आली, की १ मार्च ते ३१ जुलै कुत्रा आखूड पट्ट्यानंच धरायचा. मार्च ते जुलै! मी तारखा दोनदा वाचल्या. आमच्या माळटिटवीचे महिनेही त्यातच येतात.

तिकडे पेनाइन डोंगररांगेवर १९६५ साली एक लांबलचक पायवाट सुरू झाली, चारशे किलोमीटरांहून मोठी. लोक इतके चालले की ओल्या मातीतली वाट चिखल चुकवणाऱ्यांनी रुंद करत करत कित्येक मीटर पसरवली. अगदी आमच्या गाड्यांसारखंच. मग त्यांनी वाट बंद केली नाही. तिच्यावर दगडी फरशा टाकल्या, एका माणसानं चालावं एवढ्याच रुंद. माणसं फरशीवर आली आणि बाजूचं रान हळूहळू भरून निघालं. त्या फरशा कुठल्या, तर बऱ्याचशा लँकेशायरच्या पाडलेल्या कापडगिरण्यांच्या जमिनीतल्या.

इथे मी पुस्तक मिटलं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालली, तिथला कापूस बंद झाला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांना आमच्या वऱ्हाडच्या कापसाची आठवण झाली. खामगाव, अकोला, अमरावतीचे बाजार त्या भावावर मोठे झाले. खामगावला १८७० साली रेल्वे आली ती कापसासाठी. कोण जाणे, याच टेकाडाखालच्या काळ्या जमिनीतला कापूस याच माळावरून बंडीतून गेला असेल, याच चाकोरीतून, आणि सूत होताना त्याच्या खालची फरशी आज तिकडच्या माळावर कुणाच्या तरी पायाखाली असेल. पुरावा नाही. पण मला त्या रात्री झोप लागली नाही, आणि सकाळी मी आबाजींकडे गेले ते थेट हेच सांगायला. ते ऐकून म्हणाले, “म्हंजे त्याइनंबी चाकोरीच केली ना.”

ग्रामसभेत हा विषय काढला तेव्हा तीन तास गेले. कुंपण घाला म्हणणारे होते. कुंपण घातलं की काळविटं अडतील, गुरं अडतील, आणि दोन वर्षांत तारा चोरीला जातील, हे आबाजींनी सांगितलं. ग्रामसभेत ते पहिल्यांदाच उभे राहून बोलले. दुसऱ्या बाजूनं टपरीवाला बोलला, तेही खरं होतं. रविवारचा चहा आणि मक्याची कणसं यावर त्याच्या पोरीची फी भरली होती. येणाऱ्याला बंदी केली तर पोट कुणाचं मारायचं?

शेवटी आपल्याच पंचांगानं ठरलं. गाड्या टेकाडाखाली, मंदिराजवळ. टपरी तिथेच, म्हणजे धंदा बुडत नाही. वर पायी, फक्त बंडीवाटेनं. होळीपासून पोळ्यापर्यंत माळाच्या वरच्या अंगाला कुणीच नाही, गुरंही नाहीत. पोळ्यानंतर गवत राखीव, कापणी दिवाळीनंतर, जशी पूर्वी चराईबंदी असायची तशीच. शेकोटी बाराही महिने नाही. कुत्री वर जाऊ नयेत म्हणून खरकटं खालीच, टपरीमागच्या खड्ड्यात. बेड्यावरची दोन तरुण पोरं रविवारी वाट दाखवतात, ग्रामपंचायत त्यांना रोजी देते. सहावीतल्या मुलींनी बंडीवाटेच्या दोन्ही कडांचे दगड चुन्यानं रंगवले. त्या पांढऱ्या दगडांच्या ओळी मी फळ्यावर पाहिलेल्या कुठल्याही समासापेक्षा सरळ आहेत.

सगळं सुरळीत झालं असं म्हणत नाही. या पावसाळ्यात रात्री कुणीतरी चुन्याचे दगड बाजूला करून जीप वर नेलीच. अठरावी चाकोरी. पोरींनी सकाळी दगड पुन्हा लावले आणि त्या खाचेत आडवे दगड रचून गवताचे पेंढे दाबले, पाणी अडावं म्हणून. उताराच्या एका जुन्या खाचेत असेच पेंढे आम्ही गेल्या वर्षी दाबले होते. तिथे आता मारवेलाची चार ठोंबं आहेत. मी ती दर आठवड्याला मोजते.

दोन्ही निलगिऱ्या तोडायची परवानगी मी मागितली आहे. अजून आलेली नाही.

गेल्या वैशाखात, माळ बंद असताना, आबाजी एका सकाळी शाळेच्या दारात आले. आत आले नाहीत, उंबऱ्याबाहेरच काठीवर हात ठेवून उभे. पोरं गणितं सोडवत होती. मी बाहेर गेले.

“चार हायेत,” ते हळूच म्हणाले.

कुठे, ते मी विचारलं नाही. त्यांना पाणी दिलं आणि आम्ही दोघं थोडा वेळ ओट्यावर बसलो. वरून, लांबून, टिटवी ओरडल्याचा एकच आवाज आला आणि थांबला.